आडवाटेनं सुरू केलेला डाव

दुपारची भांडी आवरून, जरा पाठ टेकून तुम्ही रेडिओ लावला असेल. बचत गटाच्या बायका बोलायला आल्या म्हणजे कर्ज, व्याज आणि पापडाचं पॅकिंग, असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं वाटायला आम्हीच कारण आहोत. आजवर आम्ही तेवढंच बोललो. आज बुद्धिबळावर बोलणार आहोत. घरात पोरांचा पट असेल तर पुढ्यात घेऊन बसा. मध्येच काही चाली सांगायच्या आहेत, त्या हातानं लावून बघितल्या तर जास्त कळतील. पट नसेल तरी हरकत नाही, गोष्ट कळेल.

आमच्या गटात आम्ही तेराजणी. निम्म्या जणी द्राक्षबागेत मजुरीला जातात. एक किराणा दुकान बघतात, एक अंगणवाडीत मदतनीस आहेत, आणि एक शिलाई करतात. त्यांना आम्ही सगळ्या शिलाईवहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणू. गटाची बैठक शनिवारी चार वाजता समाजमंदिरात. चार वाजता म्हणजे साडेचारला सहाजणी, पाचला दहाजणी. ह्या मधल्या वेळात खजिनदारांच्या मुलीनं शाळेतला पट आणून मांडला, तिथून आमचं खेळणं सुरू झालं. उशिरा येणाऱ्यांचे उपकारच म्हणायचे.

तोवर आमच्या गावात बुद्धिबळ म्हणजे देवळाच्या पारावरचा खेळ. चार पुरुष खेळणार, दहा बघणार. तिथून पाणी घेऊन जाताना आम्ही पट पाहिलेला, तेवढाच. खरं तर आपल्या सांगली भागात हे असं असायला नको होतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ह्या सांगलीच्याच. ठिपसे बाई तर पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. त्याच्याही आधी मुंबईच्या खाडिलकर बहिणी. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं जयश्री आणि रोहिणी ह्या बहिणी गाजत राहिल्या. ही नावं आम्हाला माहीत नव्हती. ती आम्हाला कळली 2025 च्या जुलैमध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, म्हणजे दोन्हीकडे आपल्याच बायका. त्या आठवड्यात गावात सगळ्यांच्या मोबाईलवर तोच फोटो.

आणि पुढच्याच महिन्यात गणपती.

गणपतीत बायकांसाठी काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. रांगोळी, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा. बुद्धिबळाची स्पर्धा पुरुषांची, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण होतं तसं. आम्ही मंडळाच्या पोरांना जाऊन विचारलं, आमच्यातल्या दोघींचं नाव घ्याल का? ती म्हणाली, “या की काकू.” म्हणताना हसली. ते हसणं आमच्या डोक्यात बसलं. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या हसण्यामुळं झालं.

हसू होऊ नये म्हणून आम्हाला लवकर जिंकायचं होतं. हातात पंधरा दिवस. खजिनदारांच्या मुलीनं मोबाईलवर एक सापळा शोधून काढला. इंग्रजीत त्याला एंगलुंड गँबिट म्हणतात. आमच्या पारावर जुन्या माणसांची रीत अशी, की वजिरासमोरचं प्यादं आधी काढायचं. राजासमोरचं काढलं तर राजा उघडा पडतो म्हणे. नेमकं त्याच चालीवर हा सापळा बसतो. पट असेल तर आता लावा.

पांढऱ्यानं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. काळ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं, म्हणजे सरळ फुकट पुढ्यात ठेवलं. पांढरा ते खातो. काळा वजिराकडचा घोडा काढतो, प्याद्यावर नजर ठेवतो. पांढरा राजाकडचा घोडा काढून प्यादं राखतो. काळा वजीर एक घर तिरका सरकवून आपल्या राजासमोर आणून ठेवतो. पांढरा वजिराकडचा उंट बाहेर काढतो, प्याद्याला आणखी एक राखण. आता काळा वजीर तिरका तीन घरं खाली येऊन शह देतो. शह राजाला, पण त्याच वेळी त्याची नजर त्या उंटावर आणि घोड्याच्या घरासमोरच्या प्याद्यावरही. पांढरा घाबरून उंट मागं घेतो आणि शह अडवतो. काळा वजीर ते प्यादं खातो, आणि आता तो पांढऱ्या हत्तीच्या अगदी नाकासमोर उभा.

इथं शंभरातला साधा माणूस काय करतो? उंट एक घर तिरका पुढं सरकवतो, वजिराच्या तोंडासमोर. हत्तीही वाचला आणि वजिरावर हल्लाही झाला असं त्याला वाटतं. आणि तिथंच तो मेला. काळा आपला उंट आणून त्या उंटाला राजासकट बांधून टाकतो. पांढरा वजीर मदतीला येतो, उंटाला उंट खातो, वजीर उंट खातो, आणि काळा वजीर शेवटच्या ओळीत उतरून मात देतो. आठ चालींत खलास.

शिलाईवहिनींनी हे पंधरा दिवसांत पाठ केलं. मशीनवर बसून तोंडानं म्हणायच्या, घोडा, वजीर, शह, प्यादं, उंट. आणि गणपतीत खरंच चाललं. तीन गडी त्यांनी ह्याच सापळ्यात घेतले. त्यातले एक काका तर रोज पारावर बसणारे. आठव्या चालीला मात झाल्यावर ते पटाकडं बघतच राहिले, मग म्हणाले, “परत मांडा.” परत मांडला, परत तेच. अंतिम डाव वहिनी हरल्या, कारण समोरच्यानं राजासमोरचं प्यादं काढलं आणि मग सापळ्याला जागाच नव्हती. पण दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला. आमच्या गटानं त्या रात्री जो आवाज केला तो ढोलापेक्षा मोठा होता.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आम्ही वहिनींचं नाव तालुक्याच्या स्पर्धेत घातलं.

एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा. पाच फेऱ्या. पहिल्या फेरीला वहिनींसमोर अकरा वर्षांची मुलगी, चष्मा, दोन वेण्या, बाजूला पाण्याची बाटली. तिनं वजिरासमोरचं प्यादं काढलं तेव्हा वहिनींनी आमच्याकडं वळून बघितलं, डोळे चमकत होते. सगळं ठरल्यासारखं चाललं. शह दिला, प्यादं खाल्लं. आणि त्या मुलीनं उंट हलवलाच नाही. तिनं वजिराकडचा घोडा बाहेर काढला. बस्स. घोडा निघाला की मागून तिच्या वजिराची राखण हत्तीला आपोआप मिळते, आणि आपला वजीर शत्रूच्या घरात एकटा सापडतो. ही चाल आम्हाला कुणी सांगितली नव्हती, कारण आम्ही विचारलीच नव्हती. पुढं तो हत्ती हलला, घोडा अंगावर आला, वहिनींचा वजीर ह्या घरातून त्या घरात पळत राहिला आणि शेवटी गेला. त्या मुलीनं डाव संपल्यावर हात पुढं केला आणि म्हणाली, “काकू, मला पण हे आमच्या सरांनी दाखवलंय.”

उरलेल्या फेऱ्यांत वहिनींकडं खेळायला काही नव्हतंच. एक गुण मिळाला तो समोरचा आला नाही म्हणून. परत येताना एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. आम्ही वडापाव घेतले होते, ते तसेच राहिले.

पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. बचतीचे पैसे मुलाबरोबर पाठवले. आमच्या गटात गैरहजेरीला दहा रुपये दंड आहे, तोही पाठवला, सुट्टा, वेगळ्या पुडीत. तो दंड आम्हाला लागला. पाच वर्षांत त्यांनी एक हप्ता चुकवला नव्हता, उलट दुसरीचा हप्ता अडला तर पदरचे घालायच्या. शिलाईचं दुसरं मशीन घ्यायला त्यांचाच कर्जाचा अर्ज पुढच्या महिन्यात यायचा होता. एका खेळापायी आम्ही गटातली एक बाई घालवून बसलो की काय, ही भीती खरी होती.

तिसऱ्या शनिवारी आम्ही चारजणी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, “पाच चाली पाठ करून पाठवलंत मला. सहावी आली तर मला काही येईना. हॉलभर पोरं होती, सगळ्यांना येत होतं.” ह्यावर आम्ही काय बोलणार? आम्हाला गावातलं हसू थांबवायचं होतं, त्यासाठी त्यांना पुढं केलं. खेळ आम्ही त्यांना शिकवलाच नव्हता. तसं आम्ही म्हणालो. माफी मागितली म्हटलं तरी चालेल.

तेवढ्यात आतून त्यांचे सासरे आले. वय ऐंशीच्या पुढं, कानानं कमी. ते पूर्वी देशी बुद्धिबळ खेळायचे. देशी खेळात प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं उडत नाही, एकेकच घर चालतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी. त्यांनी खाटेवर पट मांडायला लावला आणि घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून तिथं मागं उंट बसवला, कोपऱ्यातून कोपऱ्याकडं बघणारा. म्हणाले, “आम्ही हे असंच बसवायचो. घाई कशाला?”

मैत्रिणींनो, ह्या एका घराच्या चालीचा मोठा इतिहास आहे, तो आम्हाला नंतर कळला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू होते. देशी खेळात मुरलेले. तिथल्या जॉन कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टरबरोबर त्यांचे कितीतरी डाव झाले. महेशचंद्र आपल्या सवयीप्रमाणं प्यादी एकेक घर सरकवायचे, उंट कोपऱ्यातून लावायचे, आणि मध्यभाग समोरच्याला देऊन मग तो फोडायचे. साहेबांच्या देशात तेव्हा ही चाल विचित्र समजली जायची. ते डाव तिकडं छापले गेले. आज जगभरचे मोठे खेळाडू ज्याला किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन वगैरे म्हणतात, त्यातलं ‘इंडियन’ इथून आलं. म्हणजे आजोबा जे करत होते ते काही अडाणीपण नव्हतं.

आमच्या अंगणवाडीताईंचा भाचा सांगलीला कॉलेजात आहे, तो स्पर्धा खेळतो. त्याला आम्ही ती चाल दाखवली. पांढऱ्याकडून पहिलीच चाल, वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर. तो म्हणाला, “ही तर लार्सनची सुरुवात.” बेंट लार्सन हे डेन्मार्कचे मोठे खेळाडू, त्यांच्या नावानं ती ओळखली जाते. आणि मग त्यानं आम्हाला त्याच सुरुवातीचा एक डाव दाखवला. आम्हाला वाटलं जिंकलेला दाखवेल. त्यानं हरलेला दाखवला.

1970 साल, बेलग्रेड शहर. सोव्हिएत संघ एकीकडं आणि उरलेलं जग एकीकडं, असा सामना. पहिल्या पटावर जगाकडून लार्सन, समोर तेव्हाचे जगज्जेते बोरिस स्पास्की. लार्सननी घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं. पुढं त्यांनी राजा मध्येच ठेवला आणि आजूबाजूची प्यादी हलवत बसले. स्पास्कींनी सगळे मोहरे भराभर बाहेर काढले, स्वतःचा राजा किल्ल्यात नेला, मग घोडा खाऊ दिला, त्यानंतर हत्तीही दिला, आणि एक प्यादं धावत शेवटच्या ओळीला पोचून वजीर झालं. सतरा चालींत लार्सन हरले. जगातला पहिल्या पटाचा माणूस, सगळ्यांसमोर, सतरा चालींत.

शिलाईवहिनी तो डाव बघताना पुढं सरकून बसल्या. भाच्याला म्हणाल्या, “मग दुसऱ्या दिवशी हे आलेच नसतील.” तो म्हणाला, “आले की. पुढच्याच फेरीत त्यांनी स्पास्कींना हरवलं.” वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या शनिवारी बैठकीला आल्या, साडेचारच्या आत.

आता ही सुरुवात आम्ही का धरली, ते सांगतो. क्लासला जाणारी पोरं राजासमोरचं प्यादं काढलं की दहा-दहा चाली पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्याशी पाठांतरात आम्ही पुरणार नाही. रात्री नऊला चूल आवरल्यावर आमच्या हातात तास, तोही रोज नाही. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं की समोरच्याचं पाठांतर दुसऱ्याच चालीला संपतं. त्यालाही विचार करावा लागतो, आम्हालाही. फरक एवढाच, की ही वाट आम्ही शंभर वेळा चाललेली असते आणि तो पहिल्यांदा. रानातल्या पाऊलवाटेवर परका माणूस ठेचाळतो, आपल्याला कुठला दगड कुठं आहे ते अंधारातही माहीत असतं, तसं.

पण दगड माहीत असले पाहिजेत. ही सुरुवात करणाऱ्यानं मध्यभाग समोरच्याला दिलेला असतो, आणि तो नंतर मागून घ्यावा लागतो. म्हणून काय करायचं, तर उंट कोपऱ्याच्या वाटेवर बसवायचा. समोरच्यानं राजासमोरचं प्यादं मध्ये दोन घरं आणलं की आपल्या उंटाचा डोळा त्याच्यावर. तो ते राखायला घोडा काढतो. आपण आपल्या राजासमोरचं प्यादं एक घर सरकवायचं, दुसऱ्या उंटाला वाट करायची, आणि तो उंट त्याच्या त्या राखणदार घोड्यावर लावायचा. एवढं केलं की त्याला मध्यभागाची काळजी सुरू होते. मग आपला घोडा बाहेर, किल्लेकोट, आणि त्याच्या मधल्या प्याद्याला बाजूनं धक्का. हे आम्ही चालींत पाठ केलेलं नाही, कारणासकट पाठ केलंय. समोरच्यानं काही वेगळं केलं तरी कारण उरतंच. आणि किल्लेकोट करायला विसरलं, की लार्सनचं बेलग्रेड.

हौसेनं आम्ही इतरही आडवाटा करून बघितल्या. घोड्यासमोरचं तेच प्यादं एकाऐवजी दोन घरं टाकायचं, त्या सुरुवातीला ओरँगउटान म्हणतात. 1924 साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तार्ताकोव्हर हे खेळाडू प्राणिसंग्रहालय बघून आले आणि त्यांनी ती खेळली, म्हणून माकडाचं नाव. पोरांना ही गोष्ट भारी आवडते, आमच्या पोरी हट्टानं तेच खेळतात. राजाकडच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं टाकायची एक आहे, ग्रोब म्हणतात. ती मात्र करू नका. राजाच्या अंगणाचं कुंपण आपल्याच हातानं उपटून टाकल्यासारखं होतं. किराणावाल्या वहिनींनी सलग आठ दिवस केली, आठही दिवस हरल्या, तरी अजून म्हणतात की चूक चालीची नव्हती.

भाच्याच्या सरांचं मत आमच्या विरुद्ध आहे हेही सांगून टाकतो. त्यांचं म्हणणं, नवशिक्यानं आधी सरळ वाट शिकावी, मधली प्यादी पुढं, मोहरे बाहेर, किल्लेकोट. आडवाट पुढं. लहान मुलांच्या बाबतीत ते बरोबर असेल, त्यांच्यापुढं दहा-पंधरा वर्षं आहेत. आमच्या बायकांच्या बाबतीत आम्हाला तसं वाटत नाही. पण सरांची एक गोष्ट आम्ही घेतली, आणि आमचा खेळ सुधारला असेल तर तो सुरुवातीपेक्षा त्या गोष्टीनं सुधारला. ते म्हणाले होते, प्रत्येक डाव लिहून काढा.

लिहिणं म्हणजे आमचा हातखंडा. बचतीचं रजिस्टर, कर्जाचं रजिस्टर, ठरावाची वही, त्यात एक वही वाढली. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच, आडव्यांना 1 ते 8, हे शिकायला दोन शनिवार गेले. पहिल्यांदा आम्ही ‘काळा घोडा मशीनच्या बाजूला’ असंही लिहिलंय. आता डाव संपला की हरलेली आणि जिंकलेली दोघींनी शेजारी बसून वहीवरून तो परत लावायचा, आणि जिथं हात विचार न करता पुढं गेला तिथं लाल खूण करायची. नियम एकच, लाल खूण ज्याची त्यानंच करायची. दुसरीनं बोट दाखवायचं नाही.

महिन्याभरानं खुणा बघितल्या तेव्हा आम्ही चाटच पडलो. सुरुवातीमुळं हरलेला डाव जवळजवळ नव्हताच. सापळ्यावर एवढे दिवस घालवले, आणि खुणा सगळ्या विसाव्या-पंचविसाव्या चालीच्या आसपास. फुकट दिलेला घोडा. समोरच्यानं आत्ता काय हलवलं, ते का हलवलं, हे न बघता केलेली आपली चाल. एकीच्या खुणा तर सगळ्या घरून फोन आल्यानंतरच्या. तेव्हापासून पटाजवळ फोन ठेवायचा नाही असा ठराव आहे, आणि तो ठरावाच्याच वहीत आहे. बँकेचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी तो वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.

ह्याच संदर्भात भाच्यानं आणखी एक डाव दाखवला होता. 1980 साली स्वीडनमध्ये स्कारा गावी इंग्लंडच्या टोनी माइल्सनी जगज्जेत्या कार्पोव्हना हरवलं, आणि पहिलीच चाल अशी की लोक हसले असतील. कार्पोव्हनी राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं, माइल्सनी कडेच्या हत्तीसमोरचं प्यादं एक घर. एवढंच. हा डाव सगळीकडं त्या चालीसाठी सांगितला जातो. आम्ही तो वहीत उतरवून शेवटपर्यंत लावला, आणि आमचं मत असं झालं की ती चाल नुसती दार उघडण्यापुरती होती. पुढचा सगळा लांबलचक डाव माइल्स नीट खेळले म्हणून जिंकले. दाराचं कौतुक फार झालं, आतल्या स्वयंपाकाचं कुणी केलं नाही.

शिलाईवहिनी आता वही सांभाळतात. त्यांचं मशीनचं कर्ज मंजूर झालं, दोन हप्ते फिटलेही. खरड छाटणीची कामं संपल्यावर मे महिन्यात तालुक्याची स्पर्धा पुन्हा होती. आम्ही नाव घालू का म्हणून विचारलं नाही. त्यांनीच येऊन प्रवेश फीचे पैसे टेबलावर ठेवले, स्वतःचे. पारावरचे ते काकाही ह्या वेळी आमच्याच एसटीत होते. एसटीत ते वहिनींना विचारत होते, “ते प्यादं एक घर का, दोन का नाही?” वहिनी त्यांना खिडकीच्या काचेवर बोटानं काढून दाखवत होत्या.

पाच फेऱ्यांत अडीच गुण झाले. दोन जिंकल्या, दोन हरल्या, एक बरोबरी. ती वेण्यांची मुलगी मोठ्या गटात गेली होती. तिनं लांबून हात केला. वहिनींना बोचते आहे ती बरोबरी, कारण तो डाव जिंकायचा होता. शेवटी पटावर त्यांचा राजा आणि एक प्यादं, समोर नुसता राजा. वहिनींनी प्यादं आधी पळवलं आणि राजा मागून आणला. ते सातव्या ओळीला पोचलं, त्याच्या मागं त्यांचा राजा, आणि समोरच्याचा राजा बरोबर पुढच्या घरात उभा. त्याची चाल, पण त्याला हलायला एकही घर नाही आणि शहही नाही. अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. एक गुण होता तो अर्धा झाला.

त्या डावावर वहीत लाल खूण आहे आणि खाली वहिनींच्या अक्षरात लिहिलंय, ‘राजा आधी.’ राजा प्याद्याच्या पुढं चालवायचा, प्यादं मागून, हे आम्हाला आता तोंडानं सांगता येतं. पण समोरचा राजा आडवा आला की नेमकं कुठल्या घरात थांबायचं, ह्यावर गेले तीन शनिवार आमच्यात वाद चाललाय. तुमच्याकडं पट असेल तर एवढं लावून बघा. पांढरा राजा पाचव्या ओळीत, त्याच्याच मागं चौथ्या ओळीत पांढरं प्यादं, आणि काळा राजा त्याच उभ्या ओळीत सातव्या ओळीवर, मध्ये एक घर मोकळं. आधी पांढऱ्याची चाल धरून खेळा, मग पट पुन्हा तसाच लावून काळ्याची चाल धरून खेळा. एकदा जिंकता येतं, एकदा येत नाही.

कुणाला ते नीट समजावता येत असेल तर शनिवारी चारला समाजमंदिरात या. येताना पट घेऊन या, आमच्याकडं दोनच आहेत आणि एकातला पांढरा घोडा हरवलाय. सध्या तिथं दोऱ्याची रिकामी रीळ उभी असते.